चौथीतच येणारी दहावी : म्युनिकमध्ये मुलांना शाळेत घालताना

थोरल्याचं प्रगतिपुस्तक मी कॅमेऱ्यासमोर धरलं होतं. पलीकडे सांगलीत आईने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला. "गणितात दोन? भाषेतही दोनच? अगं, कितीपैकी?" सहापैकी, असं तोंडावर आलं होतं, पण त्याने घोटाळा आणखी वाढला असता. इथे १ म्हणजे उत्तम, २ म्हणजे चांगला, ४ म्हणजे काठावर पास आणि ५-६ म्हणजे नापास, हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सगळा उलटाच कारभार."

उलटा नाही, पण आपल्या सवयीचा नाही हे खरं. आम्ही म्युनिकला आलो तेव्हा थोरला सात वर्षांचा होता, धाकटी इथेच जन्मली. दोघांच्या शाळेपायी जे कळलं ते दरवर्षी मंडळाच्या गणपतीत, हातात प्रसादाची प्लेट घेऊन, कुणा ना कुणा नव्या जोडप्याला सांगत असते. ते सगळं यंदा एकदाच लिहून काढते आहे.

आधी मुख्य गोष्ट. इथली प्राथमिक शाळा दिसायला अगदी सैल असते. दप्तरात पुस्तकं मोजकी, दुपारी बारा-एकला मुलं घरी, पावसातसुद्धा मैदानावर. नवे आईबाप निर्धास्त होतात. आणि चौथीच्या मे महिन्यात एक कागद हातात पडतो, त्यावर लिहिलेलं असतं की तुमचं दहा वर्षांचं लेकरू पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जाऊ शकतं. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथी हीच दहावी. तिची तयारी चौथीत नाही, विमानात बसायच्या आधी सुरू होते.

देश एक, शाळाखाती सोळा

जर्मनीत शिक्षण हा केंद्राचा नव्हे, राज्यांचा विषय आहे. सोळा राज्यं, सोळा शिक्षणमंत्री. त्यांच्यात ताळमेळ राहावा म्हणून 1948 पासून एक मंत्रिपरिषद आहे, पण कायदे आपापलेच. म्हणून "जर्मनीत असं असतं" असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा : कुठल्या राज्यात? बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे, बाकी बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंत. डुसेलडोर्फ-कोलोनच्या राज्यात, म्हणजे नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये, शिक्षक शिफारस करतात पण शेवटचा शब्द पालकांचा. श्टुटगार्टच्या बाडेन-व्युर्टेमबेर्गने बंधनकारक शिफारस 2012 मध्ये रद्द केली होती, 2025 पासून काही अंशी परत आणली. बायर्नमध्ये मात्र गुणांची सरासरी बोलते. मी खाली जे सांगते ते बायर्नचं आहे. दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली असेल तर पायऱ्या साधारण याच, आकडे वेगळे.

चार वर्षांनीच मुलांची वाटणी का, हा प्रश्न मला कित्येक दिवस छळत होता. उत्तर जुनं आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत पैसेवाल्यांच्या मुलांसाठी पहिलीपासूनच निराळ्या शाळा असत. 1920 च्या कायद्याने सगळ्या मुलांना निदान पहिली चार वर्षं एका वर्गात बसवलं. आज ज्याला आपण लवकर वाटणी म्हणतो ती तेव्हा उशिरा आणलेली वाटणी होती. समाजवादी पक्षांना यापेक्षा जास्त वर्षं हवी होती, बाकीच्यांना नको होती, तडजोड चारवर झाली आणि शंभर वर्षं टिकली.

पहिली पायरी : निघण्याआधी

बॅगेत लोणच्याच्या बरण्या भरण्याआधी एक फाइल करा. मुलाचा जन्मदाखला, गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शाळा सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाचं कार्ड. मराठीत असलेल्या कागदांचं जर्मन भाषांतर लागू शकतं, आणि ते इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून केलेलं लागतं. पुण्यात घाईने करून आणलेलं भाषांतर कधी चालतं, कधी नाही. मूळ कागद मात्र आणाच.

लसीकरणाचं कार्ड सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच लोक कपाटात विसरतात. 1 मार्च 2020 पासून गोवराच्या लसीचा कायदा आहे. पाळणाघर असो वा शाळा, दोन डोस झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. पाळणाघर त्याशिवाय मुलाला घेतच नाही. शाळेचं वय असलेल्या मुलाला शाळा नाकारू शकत नाही, कारण शिक्षण सक्तीचं आहे, पण ती आरोग्य खात्याला कळवते आणि दंड अडीच हजार युरोंपर्यंत होऊ शकतो. आपल्याकडच्या एमआर, म्हणजे गोवर-रुबेलाच्या, लसीच्या तारखा कार्डावर स्पष्ट वाचता येतील अशा करून घ्या. इथे आलात की बालरोगतज्ज्ञ त्या पिवळ्या लसीकरण-पुस्तिकेत उतरवतो, मग पुढे तीच दाखवायची.

आणि जर्मन. आईबापांनी ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या, पातळीपर्यंत शिकलं तरी शाळेच्या पत्रांचा थोडा अंदाज येतो. मुलांना अंक, रंग, "मला शौचालयाला जायचंय" आणि "मला समजलं नाही" एवढं आलं तरी पहिला आठवडा रडारडीशिवाय जातो.

दुसरी पायरी : पत्ता आधी, शाळा मग

इथे शाळा निवडत नाहीत, घर निवडतात. घरात राहायला आल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो, भाडेकरार पुरत नाही. ही नोंद झाली की तुमच्या पत्त्याची सरकारी प्राथमिक शाळा, ग्रुंडशूल, आपोआप ठरते. प्रत्येक शाळेचं ठरलेलं क्षेत्र असतं, त्याला श्प्रेंगेल म्हणतात. रस्त्याच्या एका बाजूच्या इमारती एका शाळेत, समोरच्या दुसऱ्या शाळेत, असंही होतं. दुसरी शाळा हवी असेल तर सबळ कारण देऊन अर्ज करावा लागतो. "ती शाळा चांगली आहे असं ऐकलं" हे कारण धरलं जात नाही.

डोनेशन नाही, मुलाखत नाही, रांग नाही. फीही नाही. वर्षाअखेर परत करायच्या अटीवर पुस्तकं शाळाच देते. आंतरराष्ट्रीय इंग्रजी शाळा आहेत, त्यांची फी वर्षाला वीस हजार युरोंच्या घरात जाते. कंपनी भरत असेल आणि तीन वर्षांत परत जायचं नक्की असेल तर ती वाट ठीक. पण "बघू, जमलं तर राहू" असं मनात असेल तर माझा सल्ला सरकारी शाळेचाच. तीन वर्षं इंग्रजीत काढून मग जर्मन शाळेत येणाऱ्या मुलांचे हाल मी जवळून पाहिले आहेत.

घरीच शिकवण्याचा पर्याय इथे नाही. शाळेत जाणं ही सक्ती आहे, आणि ती सक्ती खरोखरच पाळायला लावतात.

तिसरी पायरी : वय, वर्ग आणि सप्टेंबर

जे मूल 30 सप्टेंबरपर्यंत सहा वर्षांचं होतं ते त्या सप्टेंबरमध्ये पहिलीत जातं. वाढदिवस 1 जुलै ते 30 सप्टेंबरच्या मधला असेल तर यंदा घालायचं की पुढच्या वर्षी, हे आईबाप ठरवू शकतात. नावनोंदणी त्याच वर्षीच्या वसंतात, शाळेत जाऊन होते. त्याआधी आरोग्य खात्याची तपासणी असते : डोळे, कान, एका पायावर उडी, चित्र काढणं. मुलांची जर्मन आता पहिलीच्या दीड वर्ष आधीच तपासतात आणि कच्ची असेल तर पूर्वतयारीचा वर्ग सक्तीचा करतात. मूल घरी मराठीच बोलत असेल तर त्याला लवकर पाळणाघरात घाला, एवढंच यावरून घ्यायचं.

मोठं मूल घेऊन येणाऱ्यांची अडचण वेगळी. आपलं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, इथलं सप्टेंबरच्या मध्यात. मूल सहसा वयाप्रमाणे बसवतात. मुख्याध्यापिका एक वर्ग मागे बसवायचं सुचवतील, तेव्हा आपला अहंकार जागा होतो : "तिकडे याचा वर्गात तिसरा नंबर होता!" आमच्याही घरी झाला. यजमान दोन दिवस धुमसत होते. पण ते एक जादा वर्ष म्हणजे चौथीच्या त्या कागदाआधी जर्मन पक्कं करायला मिळालेलं वर्ष. हो म्हणा. इथे वर्गात वयाने एखाददुसरं वर्ष मोठं मूल असणं अगदी सामान्य आहे.

भाषा अजिबात येत नसेल तर काही शाळांत डॉइचक्लासे नावाचा स्वतंत्र वर्ग असतो. तिथे आधी जर्मन, मग बाकीचे विषय, आणि चित्रकला, खेळ अशा तासांना नेहमीच्या वर्गात. हा वर्ग तुमच्या श्प्रेंगेलबाहेरच्या शाळेत असू शकतो. तिथे जास्तीत जास्त दोन वर्षं काढता येतात. मूल लहान असेल, पहिली-दुसरीतलं, तर मी म्हणेन नेहमीच्या वर्गातच राहू द्या. मैदानावर भाषा जितकी लवकर येते तितकी तक्त्यावरून येत नाही.

नावनोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. राज्यघटनेनुसार धर्मशिक्षण हा इथे शाळेचा विषय आहे : कॅथलिक, प्रोटेस्टंट, आणि बाकीच्यांसाठी नीतिशास्त्र, म्हणजे एटिक. आपली मुलं बहुधा एटिकला जातात. हातात पेन घेऊन गोंधळून बसू नका, तिथे "एटिक" लिहायचं.

चौथी पायरी : दुपारचं काय?

नोकरी करणाऱ्या आईबापांना ही पायरी सगळ्यात अवघड जाते, आणि कुणी आधी सांगत नाही. शाळा आठला सुरू होते आणि पहिलीचं मूल साडेअकराला सुटू शकतं. पुढे? होर्ट म्हणजे शाळेनंतरचं पाळणाघर, जेवण आणि गृहपाठासह. मिटागस्बेट्रॉयुंग म्हणजे दुपारचा सांभाळ, थोडा सैल, बहुधा पालकांच्या संस्थेने चालवलेला. काही शाळा पूर्णवेळ आहेत. म्युनिकमध्ये शहराच्या पाळणाघरांसाठी आणि होर्टसाठी ऑनलाइन नोंदणी असते, तिथे आनमेल्डुंगच्या दुसऱ्याच दिवशी नाव घाला. ऑगस्ट 2026 पासून पहिलीच्या मुलांना पूर्णवेळ सांभाळाचा कायदेशीर हक्क मिळतो आहे, आणि तो दरवर्षी एकेक वर्ग वर सरकणार आहे. पण हक्क मिळाला म्हणजे तुमच्या गल्लीत जागा मिळाली असं समजू नका.

जागा मिळाली नाही तर आई किंवा बाबा, एकाला काही काळ कामाचे तास कमी करावे लागतात. निम्म्या वेळची नोकरी इथे कमीपणाची मानत नाहीत, आणि असं करणाऱ्या बायकांची संख्या या देशात फार मोठी आहे, ते उगाच नाही.

पाचवी पायरी : यादी, शाळेचा शंकू आणि हात वर

पहिलीच्या आधी जुलैमध्ये सामानाची यादी येते. ती वाचून आम्ही दोघं इंजिनियर हतबल झालो होतो. नुसती "वही" नाही : अमुक नंबरच्या रेघांची, ए-फोर आकाराची, लाल कव्हरची भाषेला. चौकटींची, निळ्या कव्हरची गणिताला. हिरवं कव्हर परिसर अभ्यासाला. ब्रश चपटा, नंबर बारा. ब्रश गोल, नंबर सहा. घरात घालायच्या चपला, कापडी पिशवीत. आणि शेवटची ओळ : प्रत्येक वस्तूवर नाव. प्रत्येक म्हणजे प्रत्येक रंगीत पेन्सिलीवर. रात्री साडेअकरा वाजता चोविसाव्या पेन्सिलीवर चिकटपट्टी लावताना मला माझं एका पेन्सिलीवर निघालेलं बालपण आठवत होतं.

यादी घेऊन स्टेशनरीच्या दुकानात सरळ काउंटरवर द्या, ते सगळं काढून देतात. दप्तर मात्र महाग असतं, चांगलं नवं दोनशे युरोंच्या पुढे जातं. वापरलेलं घ्यायला इथे कुणी लाजत नाही.

पहिल्या दिवशी मुलाच्या हातात खाऊ-खेळण्यांनी भरलेला, भलामोठा कागदी शंकू असतो, शूलट्यूट. ही काही ऐच्छिक हौस नाही. वर्गातल्या सगळ्यांकडे तो असतो आणि एकाच्या हातात नसला तर ते त्याला आयुष्यभर आठवतं. धाकटीच्या शंकूत मी तळाशी चकलीचा डबा घातला होता, वर चॉकलेट.

मूल दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून एकटं चालत शाळेत यावं अशी अपेक्षा असते. गाडीने फाटकापर्यंत सोडणाऱ्यांवर शाळेची पत्रं निघतात. चौथीत पोलीस येऊन सायकलची परीक्षा घेतात, लेखी आणि रस्त्यावर, दोन्ही.

आता गुणांकडे. पहिलीत गुण नसतात. दुसरीत छोट्या परीक्षा सुरू होतात, त्यांना प्रोबे म्हणतात. तपासलेला पेपर घरी येतो, त्यावर सही करून परत द्यायचा. पण गुण फक्त पेपरचे नसतात, आणि इथेच आपली मुलं मार खातात. तिसरीत पालक-शिक्षक भेटीला बाईंनी थोरल्याच्या वह्या पुढे ठेवल्या. सगळं नीटनेटकं, पेपर २ चे. तरी भाषेत ३. का? बाई म्हणाल्या, "तो बोलत नाही. विचारलं तर बरोबर सांगतो, पण हात कधीच वर करत नाही."

आपल्याकडे शांत बसणारं मूल म्हणजे गुणी. घरी आम्ही त्याला तेच शिकवलं होतं : मोठे बोलत असताना मध्ये बोलू नये, विचारलं तरच सांगावं. इथे तोंडी सहभागाला गुण आहेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग घरी नवा नियम केला : दिवसातून दोनदा हात वर, उत्तर चुकलं तरी चालेल. संध्याकाळी "आज किती शिकवलं?" ऐवजी "आज किती वेळा हात वर केलास?" असं विचारायला लागलो. सहा महिन्यांत भाषेत २ आला.

बाईंशी बोलताना एवढंच लक्षात ठेवा. आडनावाने, आदरार्थी. वेळ ठरवून. दिवाळीला डब्यातून फराळ द्या, आनंदाने खातात. पण किमती भेट नको, सरकारी शिक्षकांना ती घेता येत नाही आणि त्यांची अडचण होते.

सहावी पायरी : चौथी

इथे थोडं थांबून वाचा.

चौथीच्या जानेवारीत गुणांची माहिती देणारा कागद येतो, मे महिन्याच्या सुरुवातीला अंतिम दाखला. विषय तीनच धरतात : जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास. तिघांच्या गुणांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली (म्हणजे कमी) असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. त्यापुढे मिटेलशूल, तिन्हींत खालची मानली जाणारी. आकडे विचित्र दिसतात, पण हिशोब साधा आहे : २, २ आणि ३ ची बेरीज सात, भागिले तीन, २.३३. म्हणजे बाकी दोन विषयांत २ असतील तर एकच ३ परवडतो. २, ३, ३ झाले की २.६६. एका विषयातला एक अंक शाळेचा प्रकार बदलतो.

तीन विषयांतला परिसर अभ्यास दिसायला सोपा, पण तोही पुन्हा जर्मनचीच परीक्षा आहे : गवताळ कुरणातल्या प्राण्यांची नावं, पाण्याचं चक्र स्वतःच्या वाक्यांत. गणितातसुद्धा शाब्दिक उदाहरणं. पाढे पाठ असलेल्या मुलाला गणितात ३ येतो तेव्हा समजावं की अडखळलं ते वाचताना. म्हणून गणिताची शिकवणी लावण्याआधी ग्रंथालयाचं कार्ड काढा. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने जर्मन वाचन, आणि तुमचे उच्चार चुकतात म्हणून त्याला हसू द्या.

आता एक नियम, जो आमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असतो. ज्या मुलाची मातृभाषा जर्मन नाही आणि जे पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हतं, त्याच्यासाठी बायर्नमध्ये सवलत आहे. सरासरी ३.३३ पर्यंत असली, आणि गुण जर्मनच्या कच्चेपणामुळे कमी आहेत व तो भरून निघण्यासारखा आहे असं शाळेला वाटलं, तर गिम्नाझिउमसाठीही पात्र ठरवता येतं. ही सवलत आपोआप पदरात पडेलच असं नाही. चौथीच्या पहिल्या भेटीतच बाईंना सरळ विचारा, याबाबत काय करता येईल. जी मुलं इथेच पहिलीपासून शिकली त्यांना मात्र ती लागू नाही. म्हणजे आमच्या घरी थोरल्याला लागू होती आणि इथे जन्मलेल्या धाकटीला नाही.

सरासरी हुकली आणि तरी तुम्हाला मुलाला वरच्या शाळेत घालायचं असेल तर त्या शाळेत तीन दिवसांचे परीक्षावर्ग असतात, जर्मन आणि गणिताचे. एकात निदान ३ आणि दुसऱ्यात निदान ४ मिळाले तर प्रवेश. दोन्हीत ४ आले तरी आईबापांची इच्छा असेल तर घेतात. हे करून बघावं का? मूल स्वतः म्हणत असेल तर जरूर. फक्त आपल्याला म्हणून, तर नको. गिम्नाझिउममध्ये पाचवीला इंग्रजी आणि सहावीला दुसरी परभाषा येते, फ्रेंच नाहीतर लॅटिन. वर्षाअखेरीला एका महत्त्वाच्या विषयात ६ किंवा दोन विषयांत ५ आले की तोच वर्ग पुन्हा. ओढूनताणून आत गेलेली मुलं तेराव्या-चौदाव्या वर्षी बाहेर पडताना पाहिली की फार वाईट वाटतं.

सातवी पायरी : वाटणीनंतरचे दरवाजे

आपल्या लोकांत गिम्नाझिउम नाही म्हणजे सगळं संपलं अशी भावना असते. गणपतीत कुजबुज चालते, "त्यांचा मुलगा मिटेलशूलला गेला म्हणे." या कुजबुजीचा मला भयंकर राग येतो, कारण ती बरोबरही नाही.

गिम्नाझिउम बायर्नमध्ये परत नऊ वर्षांचं झालं आहे, तेरावीपर्यंत. मधली काही वर्षं ते आठ वर्षांचं केलं होतं, पण पालक-शिक्षक सगळे कावले आणि 2018 पासून हळूहळू जुनं वेळापत्रक परत आलं. शेवटी आबिटूर, त्यावर विद्यापीठाचा प्रवेश. शेवटच्या दोन वर्षांत १ ते ६ ऐवजी ० ते १५ गुण असतात, आणि तिथे पंधरा म्हणजे सर्वोत्तम. माझ्या आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

रेआलशूल दहावीपर्यंत. त्यानंतर गुण बरे असतील तर फाखओबरशूल : अकरावी-बारावी, त्यात काही महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव. तिथे जायला जर्मन, इंग्रजी आणि गणिताची सरासरी ३.५ किंवा चांगली लागते. बारावीनंतर उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठात जाता येतं, म्हणजे अभियांत्रिकी, संगणक, व्यवस्थापन. तेरावी केली आणि दुसरी परभाषा असली तर संपूर्ण आबिटूर. मिटेलशूलमध्येही दहावीपर्यंत नेणारे वर्ग असतात, तिथून हीच वाट पुढे मिळते. लांबची आहे, पण बंद नाही.

आणि आउसबिल्डुंग, म्हणजे पगारी व्यवसायशिक्षण. तीन-साडेतीन वर्षं, आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस व्यवसायशाळेत, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. मान्यताप्राप्त व्यवसाय सव्वातीनशेच्या आसपास आहेत, बँकेपासून चष्मे बनवण्यापर्यंत. आपल्याकडे आयटीआय म्हटलं की जो सूर लागतो तो मनातून काढा. आमच्या इमारतीची उष्णतायंत्रणा बघायला येणारा गृहस्थ आउसबिल्डुंग करून पुढे माइस्टर, म्हणजे त्या कामातला प्रमाणित उस्ताद, झाला, त्याच्या हाताखाली सहा माणसं आहेत आणि त्याची भेट मिळायला तीन आठवडे थांबावं लागतं. माइस्टर झालेल्याला विद्यापीठाचं दारही उघडं असतं.

तरी वाटणीबद्दल तक्रार आहेच, आणि ती जर्मनांचीही आहे. 2000 च्या पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल 2001 च्या डिसेंबरात लागले तेव्हा देशाला धक्का बसला : आईबापांची ऐपत आणि मुलांचे गुण यांचं नातं इथे फार घट्ट निघालं. त्यानंतर पूर्णवेळ शाळा वाढल्या, लहानपणी भाषा तपासणं सुरू झालं. चौथीतली वाटणी मात्र बायर्नमध्ये जिथल्या तिथे राहिली.

तेरा-चौदा वर्षांचं मूल घेऊन येत असाल तर

दोन शब्दच. या वयात भाषा मागून येते आणि विषय पुढे पळतात. मूल बहुधा मिटेलशूलच्या डॉइचक्लासेत जाईल. ते तात्पुरतं समजा, आणि पहिल्याच महिन्यात शाळेतल्या समुपदेशक शिक्षकांची वेळ घ्या, प्रत्येक शाळेला ते नेमलेले असतात. मूल याहून मोठं असेल आणि दहावीची परीक्षा भारतात झाली असेल तर कागद घेऊन याच, तिची जर्मन समकक्षता काढावी लागेल. आणि मुलाला आधी विचारा. आठ वर्षांचं मूल मैदानावर मित्र करतं, चौदा वर्षांचं खोलीचं दार लावून घेतं.

घरात मराठीच बोला. तुमचं मोडकंतोडकं जर्मन ऐकून मुलाची भाषा सुधारत नाही, हे आमच्या पाळणाघरातल्या बाईंनीच सांगितलं.

शेवटची पायरी : रजा

मूल आजारी असेल तर सकाळी शाळा सुरू होण्याआधी कळवायचं, फोनवर किंवा शाळेच्या ॲपवर. कळवलं नाही तर शाळा तुम्हाला फोन करते, आणि तुम्ही उचलला नाही तर मूल रस्त्यात हरवलं असं धरून पुढची हालचाल सुरू करते. एकदा माझा फोन मीटिंगमध्ये बंद होता. तो दिवस मी विसरणार नाही.

सणाच्या रजेसाठी अर्ज करता येतो, दिवाळीच्या एका दिवसासाठी आम्हाला नेहमी मिळाली आहे. पण "तिकीट दोन दिवस आधी स्वस्त आहे" म्हणून सुट्टी मिळत नाही. 2018 मध्ये पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीआधी बायर्नमधल्याच मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी शाळेच्या वयाची मुलं घेऊन निघालेल्या कुटुंबांना विचारपूस केली आणि प्रशासनाला कळवलं. दंड होतो. त्यामुळे भारतात जायचं ते सहा आठवड्यांच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे ऐन पावसाळ्यात, नाहीतर मे-जूनच्या पेंटेकोस्टच्या दोन आठवड्यांत.

भाचीच्या लग्नाची तारीख काढायची होती तेव्हा ताईने भटजींच्या आधी मला फोन केला. "तुमच्या त्या दोन आठवड्यांच्या तारखा पाठव," म्हणाली, "त्यातले मुहूर्त बघायला सांगते."